पाच खारे दाणे

जगातल्या कुठल्याही देशाचा माणूस आमच्या मामेसासऱ्यांपुढे आणून बसवावा आणि त्याच्या हातात बिअरचा ग्लास द्यावा. पहिला घोट संपायच्या आत मामा त्याचा देश, त्याचं बंदर आणि बहुधा त्याच्या बायकोचा स्वभावही सांगतील, अशी माझ्या सासुरवाडीची श्रद्धा होती. साताऱ्यात ती तपासून बघायची सोय नव्हती, म्हणून ती टिकली. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुंज वाईच्या घाटावर झालेली, आणि पुढे उमेदीची वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत फिटर म्हणून गेलेली. निवृत्त होऊन साताऱ्याच्या सदर बझारात घर घेतलं तेव्हा त्यांच्याजवळ दोन ट्रंका, एक पितळी भोंगा आणि बिअरविषयीची ठाम मतं एवढीच मिळकत होती. त्यातल्या ट्रंका तेवढ्या मामींनी घरात घेतल्या.

मामांचा भूगोल आपल्या शाळेतल्यासारखा नव्हता. इंग्रज बिअर कोमट पितो, कारण त्याला घाई नसते. अमेरिकन इतकी गार पितो की जीभ बधिर व्हावी, कारण चव कळली तर तो पिणारच नाही. जर्मन आधी फेस मोजतो. जपानी माणूस स्वतःचा ग्लास स्वतः कधी भरत नाही, तो शेजाऱ्याने भरायचा. त्यामुळे जपानात एकटा माणूस तहानलेला राहतो, असं मामांचं दुःख होतं. आणि सगळ्यांत वरचा नंबर बेल्जियमचा. तिथे प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो, आणि एक बिअर दुसरीच्या ग्लासात ओतणं म्हणजे धाकटीचं मंगळसूत्र थोरलीच्या गळ्यात घालण्याइतकं गंभीर मानतात. हे सगळं त्यांनी एकदा तासगावच्या एका ओळखीच्या द्राक्षबागायतदाराला बेदाण्याच्या शेडमध्ये बसून तासभर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं मामा, ऱ्हाऊ द्या ती चव. कवा चढती त्येवढं सांगा." तेव्हापासून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मामांच्या भूगोलात 'घड्याळ लावून पिणारा प्रदेश' म्हणून नोंदले गेले.

मी जावई. मामेसासऱ्यांसमोर बसून बिअर पिणं माझ्या संस्कारांत बसत नव्हतं, म्हणून लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी त्यांच्या समोर लिंबू सरबत पीत काढलं. दुसऱ्या वर्षी मामाच वैतागून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या सरबताला पाहून माझी बिअर आंबट व्हायला लागलीय." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना जवळून पिताना पाहिलं. ग्लास भरला, फेस बसू दिला, मग उजव्या हाताची दोन बोटं बिअरमध्ये बुडवून त्यांनी ग्लासाभोवती एक ओलं वर्तुळ काढलं आणि उजव्या बाजूला पाच खारे दाणे ओळीने मांडले. ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात ना, अगदी तश्शी. मी हसलो. मामा हसले नाहीत. मुंजीत गुरुजींनी सांगितलं होतं, पहिला घास आपला नाही. कशाचा घास ते सांगितलं नव्हतं, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. बावीस वर्षं प्रत्येक बंदरात त्यांनी हे केलं होतं, आणि जगात दुसरा कुणी बिअरला चित्राहुती घालताना त्यांना भेटला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत आमच्या घराजवळ, विश्रामबागेत, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांनी चार टायपरायटर हलवून दोन कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली. पाटी बदलली तरी सर बदलले नाहीत. गिऱ्हाइकाने पाठ ताठ ठेवून दहाही बोटं वापरलीच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. मामा एकदा भाचीकडे म्हणून आले असताना मी त्यांना गंमत दाखवायला तिथे नेलं. जगातलं काहीही विचारा, असं सर म्हणाल्यावर मामांनी दहा बोटांनी, चार चुका करून, 'बोट' आणि 'बिअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिले. पडद्यावर एक चित्रकथा उतरायला लागली. उतरायला म्हणजे खरोखरच; वरून खाली, एकेक पट्टी. आधी आभाळ, मग डोलकाठी, मग एका लाल दाढीवाल्याचं डोकं. एका मालवाहू बोटीवरच्या खलाशांची ती कथा होती. दर शुक्रवारी आठ चौकटींचं एक पान, खाली नावाऐवजी छोटासा नांगर आणि पत्र पाठवायचा ई-मेलचा पत्ता. ज्याच्या-त्याच्या देशाची बिअर कशी वेगळी, यावरून त्या बोटीवर सतत भांडणं. मामा दोन तास उठले नाहीत. सरांनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीकडे दुर्लक्ष केलं.

मग दर शनिवारी मामा सांगलीत. साताऱ्याहून एसटीने तीन तास यायचं, आठ चौकटी वाचायच्या, आमच्याकडे जेवायचं आणि तीन तास परत जायचं. तोवर साताऱ्यातही इंटरनेट आलं होतं, पण तिथे चित्र गळ्यापर्यंत उतरलं की फोनची लाइन तुटायची. "आमच्याकडे नुसत्या टोप्या येतात," मामा म्हणायचे. पानाची प्रत छापून ते प्लास्टिकच्या फायलीत घालून नेत आणि आठवडाभर ती फाईल साताऱ्यात फिरे. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, अशी माणसं त्या कथेत गुंतली. किराणा दुकानदार साखर बांधता बांधता पुढे काय झालं ते विचारी. एका आठवड्यात बोटीवरचा आचारी समुद्रात पडला आणि पान तिथेच संपलं. मामांनी तो आठवडा एकवेळ जेवून काढला. पुढच्या शनिवारी एसटीत चढले तर कंडक्टरनेच तिकीट फाडायच्या आधी विचारलं, "काय मामा, त्या लाल दाढीवाल्यानं आचाऱ्याला वर काडला का न्हाई?" मामी मात्र या नादाला बोटीवरचं दुसरं लग्न म्हणत.

एका शनिवारी कथेत नवा माणूस आला. पान नेहमीसारखं हळूहळू उतरत होतं. आधी लोकरीची टोपी आली, मग जाड मिशा, मग तेलकट डांगरी. "आला वाटतं आपला हिंदुस्थानी," मामा खुशीत म्हणाले. मग टेबल उतरलं, टेबलावर ग्लास, ग्लासाभोवती एक ओलं वर्तुळ, आणि उजव्या बाजूला ओळीने पाच खारे दाणे. लाल दाढीवाला त्याला विचारत होता, हे कुणासाठी? मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दाणे पाचच होते.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी गच्चीत बसून त्यांनी मला जे सांगितलं ते मामींनाही कधी सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी एका बोटीवर बिनतारी खोलीत एक बेल्जियन होता, लाल दाढीचा. तसे लाल दाढीवाले प्रत्येक बोटीवर एखाददुसरा असतातच, म्हणून मामांना आधी संशय आला नव्हता. हा हवामानाच्या जुन्या नकाशांच्या पाठीवर चित्रं काढायचा. चार वर्षं दोघांचं जेवण एका टेबलावर. अँटवर्पला बोट लागली तेव्हा त्याने मामांना आपल्या गल्लीतल्या गुत्त्यात पाच वाजता बोलावलं होतं, आपल्या गावची बिअर तिच्या खऱ्या ग्लासात पाजायला. दुपारी वाईहून तार आली, आई अत्यवस्थ, निघून ये. बोटीच्या एजंटने मामांना बंदरातूनच गाडीत घालून विमानतळावर नेलं. आई महिनाभराने गेली. पत्त्यांची वही बोटीवरच राहिली होती, ती बोट पुढे कुठे विकली गेली कळलं नाही, आणि काही वर्षांनी मामा परत अँटवर्पला उतरले तेव्हा त्या गुत्त्याच्या जागी चपलांचं दुकान होतं. "तो दोन ग्लास मांडून बसला असणार," मामा म्हणाले. "आणि मी न सांगता गेलो. जावईबापू, त्याला एवढंच कळायला हवं, की मी विसरलो नव्हतो." इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला बिअरची ओढ आहे.

पत्ता पानाखालीच होता. पत्र लिहायचं एवढंच उरलं होतं, आणि तिथेच गाडी अडली. आपल्या पत्राची एक रीत आहे. आधी क्षेमकुशल, मग पाऊसपाणी, मग घरातल्यांच्या प्रकृती, आणि ज्यासाठी पत्र लिहायचं ती गोष्ट सगळ्यांत शेवटी, ताजा कलमात. मामा सांगत, सर इंग्रजीत टाईप करत. ताजा कलम आला की मामा परतीच्या एसटीची वेळ बघत आणि म्हणत, "ते पुढच्या शनिवारी." पाच शनिवार असे गेले. तेवढ्या अवधीत त्या चित्रकाराला उसाची परिस्थिती, कंदी पेढे, औंधच्या यमाईची यात्रा आणि मामींचा उजवा गुडघा ही सगळी माहिती पोचली. नाव न घातलेल्या त्या पत्रांखाली मामा फक्त 'तुमचा एक वाचक' असं लिहवून घेत. उत्तर कशाला येतंय?

सहाव्या शनिवारी माझा संयम संपला. मी म्हणालो, "मामा, आज आधी ताजा कलम. क्षेमकुशल जागा उरली तर." मामांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खुर्ची मला दिली आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी दोन बोटांनीच टाईप केलं. मामा एकेक वाक्य सांगत होते. त्या दिवशी मी पाच वाजता आलो नाही. आईची तार आली होती. मला बंदरातूनच नेलं. दाणे पाच असतात, तू बरोबर काढलेस. मी विसरलो नव्हतो. खाली त्यांनी पहिल्यांदा आपलं नाव घातलं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. ते एका मुलीचं होतं. ती कथा तीच काढत होती, बापाने सांगितलेल्या गोष्टींवरून. बाप दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता. तिने लिहिलं होतं, बाबा त्या दिवशी गुत्ता बंद होईपर्यंत बसले. पण ते रागावले नाहीत. न येणाऱ्यांतला तो नव्हे, घरून काहीतरी आलं असणार, असंच ते नेहमी म्हणत. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी प्रत्येक ग्लासाभोवती बोट फिरवलं आणि पाच दाणे मांडले. आम्ही भावंडं तेच पाहत मोठी झालो. ही बेल्जियमचीच रीत आहे असं मला वाटायचं. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी हसल्या तेव्हा कळलं, की आमच्या अख्ख्या देशात हे फक्त आमच्या घरी करतात.

मामांनी ते तीनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "चित्राहुती कुणासाठी असते, माहीत आहे?" मी म्हणालो, देवांसाठी असेल. "आमची आई सांगायची, मुंग्यांसाठी. बाजूला वाढलं की ताटात येत नाहीत." मग पडद्यावरच्या पत्राकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे पंधरा वर्षं बेल्जियमच्या मुंग्या माझ्या नावाने जेवत होत्या." एवढं बोलून ते रडले. सरांनी पंखा वाढवला, तेवढीच मदत त्यांना करता येण्यासारखी होती.

पुढच्या शनिवारचं पान मला अजून पाठ आहे. सात चौकटींत लाल दाढीवाला गुत्त्यात एकटाच, समोर दोन ग्लास, मागे घड्याळाचे काटे पुढे सरकताहेत. आठवी चौकट उतरायला फार वेळ लागला. आधी दाराची चौकट आली, मग लोकरीची टोपी, मग मिशा. लाल दाढीवाला मान वर न करता म्हणत होता, "बस लवकर, गरम होतेय." मामा नाक ओढून म्हणाले, "पोरीने ग्लास चुकीचा काढलाय. त्या बिअरला देठाचा ग्लास लागतो." तिला ते कळवायचं का, असं मी विचारलं. "नको," ते म्हणाले. "असू दे चुकीचा."

त्यानंतर मामांचं शनिवारचं येणं कमी झालं. आठ चौकटींसाठी सहा तास प्रवास करणारा माणूस आता महिन्याने यायला लागला, मग सणावारी. माझे शनिवार मोकळे झाले आणि ते मला अजिबात आवडले नाहीत. मामा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. ती चित्रकथा पुढे कधीतरी बंद पडली. फाईल तेवढी मामींनी माझ्याकडे पाठवली, त्या नादाला कितीही नावं ठेवली असली तरी एकही पान न हरवता. मी आता बिअर पीत नाही, डॉक्टरांनी बंद केलीय. शनिवारी संध्याकाळी गच्चीत ताकाचा पेला घेऊन बसतो, बोट बुडवून त्याच्याभोवती वर्तुळ काढतो आणि पाच दाणे मांडतो. बायको विचारते, हे कुणासाठी. तिला माहीत आहे, तरी विचारते. मी म्हणतो, मुंग्यांसाठी.