अर्ध्या तासाची मुदत

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्याला सगळे 'अर्धातास' म्हणत. सर्व्हर रीबूट करायचा, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करायचा झाला, की हा पठ्ठ्या तडकाफडकी कधीच करायचा नाही. जिन्याखालच्या कपाटात, झाडूंच्या शेजारी ठेवलेल्या त्या लिनक्स मशीनला कमांड द्यायचा, 'अर्ध्या तासाने रीबूट हो', आणि खोलीखोलीत सांगत फिरायचा. न फिरून करतो काय? मशीनची सूचना उमटायची ती फक्त त्याच्याच काळ्या स्क्रीनवर. बाकीचे रिपोर्टात डोकं घालून बसलेले, त्यांना तिचा मागमूसही नसायचा.

त्या दिवशी मात्र त्याला वेळेवर निघायचंच होतं. लेकीची पोहण्याची पहिली शर्यत होती आणि "या वेळी नक्की येतो" असं तो सकाळीच कबूल करून बसला होता. पण सर्व्हरमध्ये घातलेली नवी दुरुस्ती रीबूट केल्याशिवाय लागू होणार नव्हती, आणि मशीन धड उठलेलं पाहिल्याशिवाय याचा पाय निघणार नव्हता.

जेवणं उरकताच त्याने कमांड दिली. रक्त घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "अहो, रांग तरी बघा! जरा थांबा की." केली रद्द. पुन्हा अर्धा तास लावला, तर टायपिस्ट ओरडला, "साहेब, एवढा एकच रिपोर्ट!" याचा एकच रिपोर्ट म्हणजे मारुतीचं शेपूट! पुन्हा रद्द. नंतर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. अरे, मी काय हौस म्हणून करतोय का हे? पण हे आपलं मनातल्या मनात. तोंडाने म्हणाला, "थांबतो, मॅडम." काय म्हणावं या माणसाला!

शेवटी एकदाचं रीबूट झालं. टायपिस्ट चहा घेऊन जागेवर येईपर्यंत सर्व्हर उठूनही बसला होता. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. एवढ्याशा कामापायी अख्खी दुपार गेली म्हणून चडफडत, स्कूटर दामटत तो तलावावर पोहोचला.

माणसं पांगली होती. लेक टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली होती.

"झाली शर्यत?"

"कधीच," ती म्हणाली. "मी त्या शिट्टीवाल्या सरांना सांगितलं होतं, माझे बाबा येतायत, जरा थांबा."

"मग?"

"नाही थांबले."