नायगावचं दार आणि मुका कॅमेरा

पन्नाशीत माणसानं कॅमेऱ्याची कंपनी बदलू नये. मी बदलली, आणि तीही नायगावला मावशींचा फोटो काढायचा होता त्याच्या तीनच दिवस आधी.

सोळा वर्षं मी एकाच कंपनीशी संसार केला. तो कॅमेरा म्हणजे किलोभराचं धूड. बटण दाबलं की असा खडाक आवाज करायचा, की लालबागच्या मिरवणुकीतसुद्धा समोरचा माणूस दचकावा. मग माझी मान धरली. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. त्यांचा रोख माझ्या पोटाकडे होता. मी तो कॅमेऱ्याकडे वळवला. जुना कॅमेरा लेन्सांसकट दुकानात दिला आणि दुसऱ्या कंपनीचा हलका, बिनआवाजाचा घेऊन नाचत घरी आलो. आधी त्याची नीट ओळख तरी करून घे, असं बायको म्हणाली होती. मी तिला बारा फोटो काढून दाखवले, त्यातले नऊ पंख्याचे.

मावशी म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मित्राची आई. बीडीडी चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता आणि शनिवारी सकाळी अकरापर्यंत खोलीचा ताबा द्यायचा होता. मित्राला एकच गोष्ट हवी होती: आईचा, त्या दारातला एक फोटो. याच दारातून ती वर्षानुवर्षं पदर खोचून गिरणीत गेली, वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला. पण कॅमेरा समोर आला की मावशींचं आधार कार्ड व्हायचं. मान ताठ, ओठ घट्ट, डोळे भिंतीला खिळलेले.

"ती तिच्यासारखी दिसेल असा एक फोटो दे," मित्र म्हणाला. "दार परत मिळणार नाही."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. कारण माझ्याकडे हुकमी युक्ती होती. पहिला फोटो मी नुसता आवाजासाठी काढायचो. खडाक झालं की माणूस सुटतो, खांदे पाडतो, पदर सारखा करतो, शेजारणीला काहीतरी टोमणा मारतो. दुसरा फोटो तेव्हाचा. तोच खरा.

शनिवारी साडेदहाला पोहोचलो, तर गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ताबा घेणारे साहेब आधीच हजर. एकेका दाराला कुलूप, त्यावर सहीचा कागद, आणि पुढचं दार. आमच्यापासून सहा दारं लांब. खोली रिकामी झाली होती. फक्त कोनाड्यातली बुद्धमूर्ती मित्रानं शेवटपर्यंत हलवली नव्हती. मावशी उंबरठ्याशी स्टुलावर बसल्या. पांढरी साडी, निळे काठ. आधार कार्ड तयार.

मी बटण दाबलं. काहीच आवाज नाही. मावशी तशाच.

"झाला, मावशी."

"कुठं झाला? वाजला नाही."

"हा वाजत नाही."

"मग कसा झाला?"

आणि त्या श्वास धरून तशाच बसून राहिल्या. वाजल्याशिवाय हलायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मीच त्यांना इतकी वर्षं शिकवला होता. आवाज चालू करायची सोय असणारच म्हणून मी मेनू उघडला, तर तिथे रस्तेच निराळे. उजवीकडचं चाक फिरवलं, फोटो काळा. डावीकडचं फिरवलं, फोटो पांढरा. मावशींना जवळ आणायला लेन्स फिरवली तर त्या लांब गेल्या, कारण या कंपनीची लेन्स उलटी फिरते. अंगठा मात्र सोळा वर्षांच्या जुन्या जागी जाऊन गुळगुळीत प्लास्टिक दाबत होता. साहेब तीन दारांवर आले होते. मित्र एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

शेवटी मावशींनीच विचारलं, "नवा घेतलास ना रे?"

मी कबूल केलं.

"वाटलंच. हात जुन्या जागी जातायत तुझे." त्यांनी सांगितलं, खात्यात नवी यंत्रं आली तेव्हा सगळ्याजणींचं असंच झालं होतं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडायचा, धागे तुटायचे. मग त्या जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून यंत्रावर हात फिरवायच्या, कुठे काय आहे ते बोटांना कळेपर्यंत. "डोळे मीट. बघतोस म्हणून चुकतोयस."

बाजूच्या दाराचं कुलूप खटकन लागलं. उरला आमचाच नंबर. मी डोळे मिटले आणि कॅमेरा छातीशी धरून चाचपडू लागलो.

"हळू. वर खाच लागते का? हां. तिच्या पुढे. अरे, दाबू नको, नुसतं ओळखून घे. अंगठा सैल सोड."

मी डोळे उघडले तेव्हा साहेब दारात उभे होते. मावशी उठल्या, मूर्ती कोनाड्यातून काढून पदरात घेतली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. कुलूप लागलं. कागद चिकटला. मित्र माझ्याकडे बघतही नव्हता.

तोंड लपवायला म्हणून मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. मघाशी चाचपडताना माझं बोट बटणावर गेलं होतं आणि त्या मुक्यानं गुपचूप सात फोटो काढले होते. दार तिरकं, चौकट अर्धी कापलेली. पण मावशी! स्टुलावरून पुढे झुकलेल्या, एक हात माझ्या दिशेनं उचललेला, कपाळाला आठी, नजर थेट माझ्या बोटांवर. मागे उघडं दार. खात्यात नव्या पोरीला धडा देणारी बाई.

मित्रानं कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. मग तो आईसमोर धरला.

मावशींनी चष्मा वर करून पाहिलं. "ह्यात पदर सरकलाय," त्या म्हणाल्या, आणि बंद दारासमोर जाऊन ताठ उभ्या राहिल्या. "आता हात बसला ना तुझा? चल, एक नीट काढ. आणि तोंडानं वाजव."

मी तोंडानं वाजवलं.