चुकलं तर हात वर करा

पक्षकार समोर येऊन बसला की मोकाशी वकील आधी आपल्या फाउंटन पेनाला टोपण लावीत. पेन खिशात, डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. नवखा माणूस बिचकायचा. वकिलांना झोप लागली अशी त्याची खात्रीच पटायची. त्याचं बोलून संपलं की ते डोळे उघडत आणि म्हणत, "आता तुमची हकिकत मी तुम्हाला सांगतो. चुकलं तर हात वर करा." मग त्याचीच गोष्ट त्याच्याच शब्दांत सांगू लागत. हात वर गेला की थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. टिटवाळ्याच्या एका बाईंनी एकदा नऊ वेळा हात वर केला होता. दहाव्या खेपेला तो मांडीवरच राहिला, तेव्हा कुठे पेनाचं टोपण निघालं.

कल्याणला पारनाक्याजवळ त्यांचं घर होतं आणि घराची पुढची खोली हेच ऑफिस. माझ्या वडिलांचे ते शाळासोबती, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे. कायद्याच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी डोंबिवलीला घरी आलो, तेव्हा सुट्टीत घरात लोळू नये म्हणून वडिलांनी मला त्यांच्याकडे धाडलं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, कूळकायदा नवा होता आणि मी बावीस वर्षांचा होतो, म्हणजे सर्वज्ञच होतो.

"पहिल्या वर्षाला काय काय होतं रे, श्रीधर?" काकांनी विचारलं.

मी ऐटीत यादी सांगितली. तीत रोमन कायदाही होता.

"वा! कल्याणात अजून कोणी रोमन पक्षकार आलेला नाही," काका गंभीरपणे म्हणाले, "पण आला तर तुझ्याकडेच पाठवीन."

पुढच्या वर्षाची दोन जाडजूड पुस्तकं मी पिशवीतून नेली होती. ती त्यांनी माझ्या हातून घेतली आणि कपाटाच्या माथ्यावर टाकली. "जूनपर्यंत राहू देत तिथं. पुस्तकं कुठं जात नाहीत, माणसं निघून जातात. सुट्टीत माणसं ऐक."

मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला. माझ्याबरोबरची मुलं मुंबईत मोठ्या बॅरिस्टरांच्या चेंबरमध्ये जात होती, आणि मी कल्याणात बाकावर बसून म्हशींच्या कटकटी ऐकत होतो. रोज संध्याकाळी काका विचारत, "आज काय ऐकलंस?" एकदा मी सांगितलं, "विठ्ठलवाडीच्या त्या गृहस्थांचा वहिवाटीच्या हक्काचा दावा आहे."

"ते 'वहिवाट' म्हणाले?"

"नाही. म्हणाले, आमची म्हैस तिथूनच जाते."

"मग म्हैस कुठं गेली? पहिल्याच वाक्यात मारलीस की तिला!"

मी हसलो. हसण्यावारी नेण्याचं माझं वयच होतं.

मे महिन्यात गोमा म्हात्रे यांचं प्रकरण आलं. हे खाडीकाठचे आगरी शेतकरी, साठीला टेकलेले. वडिलांच्या वेळेपासून एकच भातशेत कुळानं करत आलेले. मालकानं मामलेदारांकडे अर्ज केला होता की या माणसानं पीक काढून विकलं, माझा वाटा दिला नाही, तेव्हा जमीन माझ्या ताब्यात द्यावी. गोमांचं म्हणणं, त्या वर्षी पीकच आलं नाही. त्यांचा जबाब कचेरीत देण्याचा शेवटचा दिवस आला आणि नेमकं काकांना त्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात जायचं होतं.

"गोमाभाऊ येतील," निघताना ते म्हणाले. "नीट ऐकून लिही. अंगठा घेण्याआधी सांगून दाखव. ते विसरू नकोस."

गोमा दुपारी उशिरा आले आणि उंबऱ्याशीच उकिडवे बसले. खुर्चीवर बसा, असं मी म्हटलं नाही. डोंबिवलीत आमच्या नाटकाची तालीम होती आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"मालकाचा वाटा का नाही दिलास?" मी विचारलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो.

"कसला वाटा देनार, सायेब? त्या सालाला खांड गेली. शेतान कायच रवलं नाय."

खंडी हे भाताचं माप मला ठाऊक होतं. अडाणी माणसाचा उच्चार सुधारून घ्यावा, अशा उदार मनानं मी लिहिलं, 'त्या वर्षी खंडीभर भात गेले. शेतात काही राहिले नाही.' अंगठा घेतला, कागद कचेरीत दिला आणि तालमीला पोचलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "सांगून दाखवलंस ना?"

"हो."

"हात वर केला त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो. हे दुसरं उत्तर तरी खरं आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

सुनावणीच्या दिवशी मालकाच्या वकिलांनी ते वाक्य दोनदा वाचलं. खंडीभर भात गेलं, म्हणजे पीक आलं होतं, आणि ते कुठं गेलं हे निराळं सांगायला नको. मामलेदारांनी विचारलं, "अंगठा तुमचाच ना?"

गोमा कागदाकडे पाहत राहिले. "अंगठा माजाच हाय, सायेब. बोल माजे नायत."

काका उठले. "गोमाभाऊ, तुम्ही काय म्हणाला होतात?"

"खांड गेली, बोललो."

"साहेब," काका मामलेदारांना म्हणाले, "खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. त्यातून भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं. जबाब यांना सांगून दाखवायला हवा होता, तो दाखवला गेला नाही. ही कसूर माझी आहे." माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मामलेदारांनी स्वतः बांध पाहायचं ठरवलं, पण निकाल लागेपर्यंत शेत कोणी करू नये, असा हुकूम दिला. पुढे जमीन गोमांकडेच राहिली. तो हंगाम मात्र गेला. ज्या माणसानं जन्मात दुसऱ्याच्या बांधावर लावणी केली नव्हती, तो त्या वर्षी शेजारच्या गावात मजुरीला गेला. माझ्या एका शब्दापायी.

कचेरीतून परतताना काका इतकंच म्हणाले, "उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस." मी वाटेतच थांबलो. "गोमाभाऊंकडे जा. खांड कशी असते, बघून ये."

उरलेली सुट्टी मी खाडीवर काढली. गोमांनी मला गुडघाभर चिखलात उभं केलं. "ही खांड. घाल हात आन बग." त्यांच्या घरच्या माणसांबरोबर मी मातीची ढेकळं वाहिली. पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराला उघाडी म्हणतात, हे तिथं कळलं. पहिल्या दिवशी मी "तुम्ही बसा" म्हटलं, तर ते मोठ्यानं हसले. "वकिलानी शिकवलं वाटतं!"

आता कायद्याची मुलं येतात आणि विचारतात, पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत काय वाचावं. मी त्यांना सांगतो, एका माणसाची हकिकत ऐका आणि त्याची त्याला सांगून दाखवा. मुलं विनयानं मान डोलावतात आणि पुस्तकाचं नाव विचारतात. मला त्यांचा राग येत नाही.

मला सनद मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी काका गेले. सनदेच्या वेळी त्यांनी त्या पुढच्या खोलीत चार माणसं बोलावून पेढे वाटले होते. काका थकले होते, आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. शेजारच्या खुर्चीवर गोमा होते. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी उभा राहिलो आणि खांडीची गोष्ट खुलवून सांगितली. "माझ्या कानाची आणि एका कान्याची चूक झाली," असं म्हटल्यावर मंडळी हसली.

काकांनी हात वर केला.

मी थांबलो. मग म्हणालो, "म्हणजे मला आगरी बोली येत नव्हती, म्हणून चूक झाली." हात तसाच राहिला. डोळे मिटलेलेच होते. खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं.

मी गोमांकडे वळलो. "तुमचा जबाब मी तुम्हाला सांगून दाखवला नव्हता," मी म्हणालो. "मला नाटकाच्या तालमीला जायचं होतं. आणि काकांनी विचारलं तेव्हा, दाखवला, असं मी खोटं सांगितलं."

काकांचा हात सावकाश खाली आला आणि पोटावर विसावला.