ज्याचं कुलूप, त्याने तपासायचं नाही

आमचे मोठे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी हलवून बघतात, मग चपला काढतात. यजमान "या, या" करत उभे, आणि हे वाकून कडीशी काहीतरी खलबत करतायत. "ढिली आहे," एवढं बोलून झालं की मगच आत येतात. पुढे चहा होतो, गप्पा होतात, पण यजमानांचं लक्ष कडीवरून हटत नाही.

नोकरीच तशी केली त्यांनी. कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. समोर आलेल्या कुलपात चुकीच्या किल्ल्या घालून बघायच्या. उघडलं नाही तर पास, उघडलं तर नापास. एका कुलपाने दगा दिला म्हणून त्यांनी माल भरून निघालेली गाडी दारातून परत फिरवली होती. ही कथा आम्ही इतक्यांदा ऐकलीय की त्या गाडीचा ड्रायव्हर रस्त्यात भेटला तर मी त्याची विचारपूस करेन. कारखान्यात एक नियम होता: ज्याने कुलूप जोडलं, त्याने ते तपासायचं नाही. "आपल्या हातच्या कुलपात माणूस किल्लीसुद्धा मायेनं फिरवतो," असं भाऊजी सांगतात. बोलणं खरं आहे. पण तो नियम त्यांनी डब्याबरोबर घरी आणला, तिथे जाऊबाईंची पंचाईत झाली.

कारण भाजी करणार जाऊबाई. मग तिच्याबद्दल त्यांनी बोलायचं नाही. "आज बरी झालीय, ना?" असं त्यांच्या तोंडून निघायचा अवकाश, भाऊजी हात वर करायचे. "तू नको सांगू. केली कुणी? तूच ना? मग तपासणार मी." घास तोंडात, डोळे मिटलेले, आणि ताटावर बसलेले आम्ही सगळे निकालाच्या प्रतीक्षेत. "मीठ अर्धं बोट कमी." अर्धं बोट मीठ हे माप कुठल्या देशात चालतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण त्या मापाखाली जाऊबाईंचा संसार झाला. चांगली भाजी त्यांना कधी करताच आली नाही. फार तर नापास न झालेली.

भाऊजी निवृत्त झाले आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला धडकी भरली. आठवडाभर त्यांनी नळ तपासले, मग खिडक्या, मग आम्हाला. आम्ही त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे जिन्यात गाठ पडली की आमचाही नंबर लागायचा. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. बुद्धिबळ ते पूर्वीपासून खेळायचे, बेताचंच. माझ्या नवऱ्याकडूनही हरायचे, आणि माझा नवरा म्हणजे... जाऊ दे.

त्या कॉम्प्युटरवर त्यांना जगभरातल्या समदुःखी मंडळींचा एक गट सापडला. बुद्धिबळ खेळणारे जे प्रोग्राम असतात, त्यांना ही मंडळी इंजिन म्हणतात. हे इंजिन आता भल्याभल्या खेळाडूला लोळवतं, पण डाव शेवटाला आला, पटावर मोजकी मोहरी उरली, की काही काही पोझिशनमध्ये फसतं. अशा अवघड पोझिशन गटाने गोळा केलेल्या. नवं इंजिन आलं की त्याला एकेक घालायची आणि दहा मिनिटांत उत्तर येतं का बघायचं. म्हणजे पुन्हा चुकीच्या किल्ल्याच! भाऊजी एकदम तरतरीत झाले.

जाऊबाई तेवढ्याच सुकल्या. कॉम्प्युटर तापला की मंदावतो, म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला. मिक्सर लावला की फ्यूज उडायचा, म्हणून मिक्सरवर बंदी.

"इंजिन विचार करतंय!" आतून आवाज यायचा.

"मग मसाला मी काय दातांनी वाटू?" स्वयंपाकघरातून उत्तर.

"आणि त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही लावू नकोस. त्याचं डोकं वाटलं जातं."

"माझं तर कधीच वाटून झालंय."

अशात भाऊजींनी स्वतः एक पोझिशन रचली. तिच्यात पांढऱ्याकडे एक हत्ती आणि एक उंट जास्त, त्यामुळे इंजिनला वाटतं पांढरा जिंकलाच. पण दोन्हीकडची प्यादी मधोमध अशी एकमेकांना अडून उभी की आत शिरायला फट नाही. काळा राजा आत निवांत येरझारा घालतो, बाहेर पांढरी फौज दार ठोठावत बसते. डाव बरोबरीत. भाऊजी तिला "माझं कुलूप" म्हणायचे. गटाने ती यादीत घेतली, शेजारी भाऊजींचं नाव लिहिलं. एकामागून एक इंजिनं तिच्यापुढे चुकली आणि दर वेळी आमच्याकडे पेढे वाटावेत असा चेहरा करून भाऊजी वर यायचे. दूधवाल्याला त्यांनी ती पोझिशन समजावून सांगितली. गॅस दुरुस्तीवाल्याला सांगितली. तो बिचारा "हो हो, लीक नाही" म्हणाला आणि निघाला.

मग एक नवं इंजिन आलं. गटाचा नियम असा की इंजिनाने सोडवलेली पोझिशन यादीतून बाद. कुणी कुठल्या पोझिशन तपासायच्या त्याची वाटणी झाली, आणि भाऊजींच्या वाट्याला नेमकं त्यांचंच कुलूप आलं. अशा वेळी कळवून बदलून घ्यायचं, असं गटातही ठरलेलं होतं. भाऊजींनी कळवलं नाही.

त्या सकाळी मी जाऊबाईंचं पातेलं परत द्यायला खाली गेले, तर भाऊजी पडद्यासमोर ताठ बसलेले. पडद्यावरचा आकडा पांढऱ्याच्या बाजूने पाचावर होता. तो चारावर आला, मग तीनावर. शून्य म्हणजे बरोबरी, एवढं मला तोवर ऐकून ऐकून पाठ झालं होतं. दोनाच्या खाली यायच्या आत त्यांनी ते बंद करून टाकलं. "हे काही खरं नाही," म्हणाले, आणि उठून खिडकी लावून घेतली.

दुपारी जाऊबाईंचाच फोन. "खाली ये गं जरा. मला काही ठीक दिसत नाहीये."

"काय झालं, ताई? भाऊजी बरे आहेत ना?"

"पंखा माझ्याकडे वळलाय."

मी गेले. खरोखरच पंखा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होता आणि त्या वाऱ्यात जाऊबाई संशयाने उभ्या होत्या. "आणि मघाशी म्हणतात, मिक्सर लाव की खुशाल! फ्यूज उडाला तर? तर म्हणे, उडू दे."

आत खोलीची भट्टी झालेली. कॉम्प्युटर घरघरत होता. अर्ध्या पडद्यावर इंजिन, आणि उरलेल्या अर्ध्यावर आवाज बंद करून कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ लावलेला. घामाने निथळत भाऊजी घड्याळ बघत होते.

"अहो, हे कुणाचं कुलूप तपासताय?" जाऊबाईंनी विचारलं.

"गटाचं."

"गटात कुणाचं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"घोडा कसा चालतो तेसुद्धा मला कळत नाही. पण पंखा कशाला फिरवलाय ते कळतं. किल्ली मायेनं फिरवताय होय?"

मी हळूच दाराकडे सरकले. "तू थांब," जाऊबाई म्हणाल्या, "साक्षीला."

भाऊजींचा आवाज चढला. "नवं इंजिन आहे ते! घाईघाईत बघितलं की चुकून बरोबर येतं."

"चुकून बरोबर?" मला राहवलं नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ढिली कडी. मग एकदम खांदे पाडून म्हणाले, "हे गेलं की त्या यादीत माझं नाव राहत नाही. इतकी कुलपं पास केली, सगळ्यांवर कारखान्याचं नाव. हे एकच मी केलेलं."

मला वाईट वाटलं. जाऊबाईंनाही वाटलं असावं. पण थोडाच वेळ.

"मी रोज दोन्ही वेळचं करते," त्या म्हणाल्या, "माझं नाव कुठल्या भाजीवर आहे?"

आणि त्यांनी खिडकी उघडली, नवरा-नवरीला पडद्यावरून घालवलं, आणि पंखा उचलून कॉम्प्युटरसमोर ठेवला. स्वतःच्या हाताने, इतक्या वर्षांनी मिळालेला वारा! आम्ही तिघंही बघत राहिलो. आकडा तीनावर आला, दोनावर आला, आणि सुखात लोळण घ्यावी तसा शून्यावर जाऊन पडला.

भाऊजींनी गटाला कळवलं, नाही असं नाही. पण कसं? "आपल्या वाटणीच्या पद्धतीत एक गंभीर दोष माझ्या निदर्शनास आला आहे. परीक्षकाच्या हाती त्याचीच पोझिशन येऊ शकते. उद्या एखाद्याला मोह झाला तर?" एखाद्याला! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. गटाने ही दक्षता मनापासून वाखाणली, पद्धत बदलली, आणि कुलूप दुसऱ्याकडे तपासायला दिलं. त्याच्याकडे ते जास्तच लवकर उघडलं. यादीतून नाव गेलं.

दोन दिवस भाऊजींनी कशालाच नावं ठेवली नाहीत. भाजी मुकाट्याने खाल्ली. घर इतकं शांत झालं की जाऊबाईंना करमेना. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बसले होते, तर स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज आला आणि भाऊजी ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांनी चहा केला होता. त्यांना गॅस पेटवता येतो ही बातमीच होती.

"घे. मस्त झालाय, मी आत्ताच..."

"तुम्ही नका सांगू," जाऊबाई म्हणाल्या. "केला कुणी?"

भाऊजी ट्रे छातीशी धरून उभे राहिले. जाऊबाईंनी घोट घेतला. डोळे मिटले. एवढं लांबवलं, एवढं लांबवलं, की माझ्या कपातला चहा निवला.

"साखर अर्धं बोट कमी."

भाऊजी कप घेऊन आत गेले. मी डोकावून बघितलं. साखरेचा डबा उघडून ते उभे होते, आणि डब्याकडे नाही, आपल्याच बोटाकडे बघत होते.