ह्यू कथिलची खुर्ची

“खुर्ची काही माझ्या माहेरून आलेली नाही, मान्य,” ग्रिझेल म्हणाली. “पण ती या घरातून हलणार नाही.”

“आई, एका रात्रीचा प्रश्न आहे,” आर्ची वैतागला. “बाबांच्या नावानं गुत्त्यात जेवण ठेवलंय. एडिंबराहून मोठी माणसं येतायत. खुर्ची मधोमध मांडतील, तिच्यापुढं पेले उंचावतील. बाहेर हातगाडी खोळंबलीय.”

“आणि मग गाणं म्हणतील.”

सून मेसी चुलीवरची लापशी उगाच ढवळत राहिली.

कोणतं गाणं, हे विचारायची गरज नव्हती. ग्रिझेलचा नवरा ह्यू कथिल हातमागावर बसून गाणी रचायचा, तीही आमच्या स्कॉट्स बोलीत. तेव्हा एडिंबराचे साहेब ही बोली जिभेवरून घालवायला शिक्षक ठेवत. ह्यूनं मेंढरांवर रचली, धर्मगुरूंच्या पोटावर रचली. खोकत खोकत गेला तेव्हाही एक अर्धंच राहिलं होतं. पण सगळ्यांना पाठ झालं ते एकच, ‘ग्रिझेलची पळी’. पिऊन आलेला बिचारा नवरा, पळी घेऊन मागं धावणारी बायको, आणि रात्रभर गाईच्या कुशीत झोपलेला तो. बाजारात ग्रिझेल दिसली की अंडी विकणाऱ्या बायकासुद्धा गुणगुणायच्या. ती म्हातारी झाली, विधवा झाली. गाण्यातल्या ग्रिझेलच्या हातातली पळी काही खाली येईना.

“अगं, लोक प्रेमानं म्हणतात,” आर्ची म्हणाला. “बाबांमुळं तुझं नाव राहिलं.”

“राहिलं खरं.”

मेसीनं दबकत विचारलं, “आई, खरंच मारली होती पळी?”

“मारली. कपाळावर. वण घेऊनच गेला तो.” ग्रिझेल चुलीकडं बघत होती. “त्या दुपारी आमची एल्स्पेथ पुरली. आर्चीच्या आधीची. अजून रांगतही नव्हती. जमीन गोठलेली, कुदळ लागत नव्हती म्हणे. म्हणे, कारण आपल्यात बायका कबरीपर्यंत जात नाहीत. मी घरी पाळणा आवरत बसले. ह्यू तिकडून थेट गुत्त्यात गेला आणि अंधार पडल्यावर घरी आला. गात आला.”

लापशी करपल्याचा वास आला. मेसीनं भांडं उतरवलं.

“गाण्यात तर तसलं काही नाही,” आर्ची म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

“नाही. पोरीवर त्याला एक ओळ जमली नाही. माझ्यावर जमली.”

मग ग्रिझेल उठली. शालीच्या टोकानं तिनं खुर्चीचे हात पुसले, ह्यूच्या कोपरांनी झिजलेले, आणि ती बाजूला झाली.

“ने.”

“आई, तुला नको असेल तर...”

“ने म्हटलं ना. संध्याकाळी मी येऊन तिच्यात बसणार आहे. गाणं त्यांनी माझ्यासमोर म्हणावं.”

“तिथं बायका बसत नाहीत.”

“मी बसणार. मेसी, माझी लापशी ठेवू नकोस.”