पुजाऱ्याची आई

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी राहणाऱ्या माझ्या चुलतभावानं, दादानं, आमच्या घराण्याची वंशावळ तयार केली. त्यात माझ्या वडिलांशेजारी त्यांची पहिली बायको आणि तिच्याखाली मी. ती बिचारी माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीच वारलेली. माझी आई कुठेच नव्हती. ती विधवा असताना वडिलांनी तिच्याशी लग्न केलं, हे आमच्या देवळातल्या पुजाऱ्यांच्या घराण्याला कधी पचलं नाही. दादाला तर अमेरिकेत येऊनही नाही. आणि गावी आई त्या कागदाची वाट बघत होती.

मी सूड घ्यायचं ठरवलं. म्हणजे शिकागोहून दादाकडे गेलो, दोनदा श्रीखंड मागून घेतलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळे म्युझियममध्ये गेलो. तिथे इजिप्तच्या एका पुजाऱ्याची शवपेटी होती. पाटीवर लिहिलेलं: बाप पुजारी, आजा पुजारी, वर्षातले ठरावीक महिने देवळात पाळी.

"पाळीनं पूजा. आपलेच की हे," दादा खूश.

"पुढे वाच ना दादा. आईचं नावही घातलंय त्यानं."

दादाची मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "बाबा, देन व्हेअर इज काकाज् मॉम? आपल्या चार्टमध्ये?"

"चला, पार्किंगची वेळ संपेल," दादा म्हणाला.

पण आमच्यात अक्षर बरं ते माझंच, म्हणून पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या बायकोला गाळलं आणि तिथे आईचं नाव घातलं, खापरपणजोबांपेक्षा ठळक. ऑफिसच्या मशीनवर साठ कॉपी काढल्या आणि दादाला न विचारता सगळ्या नातेवाइकांना पोस्ट केल्या. विजयाच्या भरात दादाचा कच्चा कागदही फाडला.

महिन्याभरानं आईचं पत्र आलं. 'थोरलीला का गाळलंस? तिच्या नावाचा चांदीचा टाक, सवतीचा मान म्हणून, लग्नापासून माझ्या गळ्यात आहे. तिच्या माहेरचे भेटले तर तोंड कसं दाखवू? दोघींची नावं घाल आणि सगळ्यांना पुन्हा पाठव.'

थोरलीचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ते होतं तो कागद मीच फाडलेला. दादाला फोन करावा लागला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"थांब हं, चष्मा शोधतो," म्हणाला, आणि लाँग डिस्टन्सवर, माझ्या खर्चानं, मला पाऊण तास ताटकळत ठेवलं.