एकोणीस पोरं आणि एक निरंक

अनिता बाईंना पेपरचा भारी राग. पण रोज सकाळी लासुर्ण्याच्या स्टँडवर पेपर विकत घ्यायच्या, स्कूटीच्या डिकीत टाकून उसातल्या वस्तीवरच्या आपल्या शाळेत न्यायच्या आणि पोरांच्या हाती देऊन त्याची सालं काढायला लावायच्या. परिपाठाला दुसरीकडं पोरं ठळक बातम्या पाढे म्हटल्यासारख्या म्हणतात आणि खाली बसतात. बाईंकडं तसं चालायचं नाही. बातमी वाचली की तीन प्रश्न आलेच: हे सांगतंय कोण? त्यानं डोळ्यांनी बघितलं का? आणि कुणाला विचारायचं राहिलं? बारा वर्षं बाईंनी हे तीन प्रश्न सोडले नव्हते.

डिसेंबरात एके दिवशी सहावीतल्या श्रेयानं बातमी वाचली. ‘तालुक्यात एकही मूल शाळाबाह्य नाही. सर्वेक्षण शंभर टक्के पूर्ण.’ वाचून झालं तरी ती खाली बसेना.

"बाई, ही खोटी हाय."

"कशावरनं?"

"आमच्या उसात तोडणीची टोळी आलीय. तितं पाचटाच्या कोप्यांवर म्हाळसा ऱ्हाती, माझ्याएवढीच हाय. दिसभर भावाला कडंवर घिऊन फिरती. परवा खिचडीच्या टायमाला शाळंच्या दारात आली, तर खिचडीवाल्या मावशींनी लावली परत. हजेरीत नाव न्हाय म्हणून."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुकेली पोर दारातनं परत जाते आणि पेपरात शंभर टक्के? लाज कशी वाटत नाही लोकांना! त्यांनी खडू उचलला. "ही माहिती आली कुठून, ते शोधू." फळ्यावर बाण काढत त्या मागं मागं निघाल्या. पेपरला सांगितलं तालुक्याच्या ऑफिसनं. ऑफिसला सांगितलं केंद्रप्रमुखांनी. केंद्रप्रमुखांना सांगितलं शाळांनी. तिथं आल्यावर बाईंचा हात थांबला.

"आन् आपल्या शाळंतनं कुणी सांगितलं, बाई?" श्रेयानं विचारलं.

बाईंनीच सांगितलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली तशी सर्वेक्षणाचा तक्ता आला होता, संध्याकाळच्या आत द्यायचा होता. बाईंनी गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवला, शाळाबाह्य मुलांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि सही ठोकून दिली. गेल्या वर्षीही असंच केलेलं. कोप्यांकडं त्या फिरकल्या कुठं होत्या! पोरांना सांगायचं डोळ्यांनी बघा, आणि आपण बसायचं उंटावरून शेळ्या हाकत. इतका वेळ पेपरवर उठलेला राग आता वळून त्यांच्याच अंगावर आला.

"उद्या सांगते," एवढंच त्या म्हणाल्या.

चार वाजता शाळा सुटली तशी त्या कोप्यांवर गेल्या. म्हाळसाची आई नुकतीच फडातनं येऊन चूल पेटवत होती. तिनं पोतं झटकून बाईंना बसायला दिलं. बाईंनी दारोदार जाऊन नावं लिहिली. सहा ते चौदा वयाची एकोणीस पोरं निघाली.

"आमी येऊन दोन म्हैनं झालं," म्हाळसाची आई म्हणाली. "ह्याच वाटंनं रोज तुमची गाडी जाती. आमाला वाटलं, तुमच्या शाळंत आमची पोरं चालत न्हाईत."

त्या बाईचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. बाईंना तिथं मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी नवा तक्ता हातात घेतला आणि डोक्याला हात लावला. "अहो बाई, निरंकला कुणी कधी काही विचारत नाही. एकोणीस लिहिलं की पहिली नोटीस तुम्हाला येणार. आधी निरंक का लिहिलं म्हणून. ही टोळी दोन-तीन महिन्यांत गावाला जाईल. कशाला विकतचं दुखणं घेताय?"

"ती पोर आपल्या दारातनं उपाशी गेली, सर. नोटीस येऊ द्या. करा सही."

सरांनी सही केली, पण बाईंकडं न बघता.

मग परिपाठाची घंटा झाली. आज पोरांनी स्वतः लिहिलेली बातमी वाचायची होती. बाईंनी त्यांना सकाळीच बोलावून काल काय काय झालं ते सगळं सांगितलं होतं, काही राखून ठेवलं नव्हतं. कागद श्रेयाच्या हातात होता. सगळ्यात मागं, रांगेच्या टोकाला, म्हाळसा भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"आपल्या वस्तीवर एकोणीस मुलं शाळेबाहेर होती," श्रेया वाचू लागली. "आज त्यांची नावं हजेरीत लागली. आधी दिलेली माहिती चुकीची होती." आणि तिनं कागदाची घडी घातली.

"अजून एक ओळ आहे त्यात," बाई म्हणाल्या.

श्रेयानं मान खाली घातली. ओळ तिनंच लिहिली होती, पण वाचायला जीभ रेटत नव्हती. सर दुसरीकडं बघत होते.

"वाच, बाळा."

"ती माहिती... अनिता बाईंनी न बघता दिली होती," ती पुटपुटली.

बाईंनी रांगेच्या टोकाला, म्हाळसाकडं बघितलं.

"तिथपर्यंत ऐकू गेलं नाही, श्रेया," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."